पस्तीस

झोम्बाच्या कॉलेजात पहिल्याच तासाला
प्राध्यापक न्यिरोंगो म्हणाले,
"तुम्ही चांगलं शिकवता, म्हणून इथवर आलात.
आता ते विसरा."
आम्ही नऊजण हसलो.
पंधरवड्यात हसू आटलं.

अकरा वर्षं मी म्झिम्बाकडच्या एका शाळेत दुसरीचा वर्ग घेतला.
मुलं एकशे बत्तीस,
निम्मी आत, निम्मी आंब्याखाली.
जुनी बॅटरी फोडून आतली काजळी पाण्यात कालवायची
आणि फळा काळा करायचा, तोही मीच.
कुणाला कळलं नाही, हे मला पाठीवरून कळायचं.
न कळलेलं मूल पाठ फार ताठ ठेवतं.

हेच मी निबंधात लिहिलं.
न्यिरोंगोंनी समासात हिरव्या शाईने विचारलं,
"तुम्हाला हे कळतं, ठीक.
पण दुसऱ्याच्या डोळ्यांत कसं घालणार?"
वीज गेली होती. मेणबत्ती संपेपर्यंत बसले.
कागद तसाच.

आई फोनवर विचारते,
म्हणजे आता मुलांना नाही शिकवत तू?
नाही.
मग मास्तरांना?
त्यांनाही नाही अजून.
मग बाई, या वयात तू करतेस तरी काय तिथे?
मी मागे बसते, आई.

गुरुवारी डोंगरउतारावरच्या शाळेत
मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकलेले,
मांडीवर निरीक्षणाचा तक्ता: सात रकाने.
फळ्यापाशी लुसुंगू, वय वीस,
टाय दुसऱ्याचा, घाम स्वतःचा.
बेचाळीस वजा सतरा.
तियांजाने नावाची मुलगी पुढे आली,
पाठ ताठ,
आणि तिने लिहिलं पस्तीस.

माझा हात आपोआप वर गेला.
अकरा वर्षांची सवय, विचारून जात नाही.
मी तो खाली ओढला.

"चूक," लुसुंगू म्हणाला,
पुसलं, स्वतः पंचवीस लिहिलं,
वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं.
पंचवीस, पंचवीस, पंचवीस.
मुलगी जागेवर जाऊन बसली
आणि सबंध तास बसलेलीच राहिली.

लापशीची घंटा झाली. वर्ग रिकामा.
मी त्याला म्हटलं, "पस्तीस कुठून आले असतील?"
तो तक्त्याकडे बघू लागला.
मी तक्ता पालथा घातला.
मनात आकडे मोजायचे, शिकवलंय आम्हाला:
एक, दोन, तीन...
चारवर माणूस स्वतःच बोलून टाकतो.
मी सातावर पोचले. नवावर.
बाहेर ताटल्यांचा आवाज.

तो फळ्यापाशी गेला.
पुसलेलं पस्तीस अजून दिसत होतं,
काजळी पातळ असली की खडू नीट जात नाही.
त्याने बोट ठेवलं दोनावर, मग सातावर.
"दोनातून सात जात नाहीत," तो स्वतःशीच म्हणाला,
"मग तिने सातातून दोन घेतले.
मोठ्यातून लहान.
बाई, हे तर मीच सांगितलं होतं. सोमवारी.
नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं."

मी काही बोलले नाही.
ते वाक्य त्याचं एकट्याचं नव्हतं.
मीही दरवर्षी म्हणायचे, खणखणीत,
आंब्याखालच्यांनाही ऐकू जावं म्हणून.
तक्त्याच्या पाठीवर मी गुणाकार मांडला:
एकशे बत्तीस गुणिले अकरा.
यात हातचा येत नाही.
चौदाशे बावन्न.
आता कुणी बाजारात टोमॅटो विकत असेल,
कुणाची मुलं दुसरीत असतील.

एवढ्यात तियांजाने विसरलेली वही न्यायला आली,
ओठांवर लापशी.
लुसुंगू जमिनीवर उकिडवा बसला,
टायचं टोक धुळीत.
"मघाचं कसं केलंस, दाखवशील?
पुसायचं नाही. फक्त दाखव."
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीकडे.

तिने खडू घेतला. चुकीच्या ठिकाणी रेघ ओढली.
उजवा हात मी मांडीखाली दाबून धरला होता.
त्याला मुंग्या आल्या.
येऊ दिल्या.